पट्टीखालची फट

काजबाई समोरून येताना दिसल्या आणि मी फूटपाथच्या कडेला, भिंतीला पाठ टेकवून, गप्प उभा राहिलो. हाक मारायला हवी होती. नऊ वर्षं मी लोकांना हेच शिकवतोय: दृष्टी नसलेलं ओळखीचं माणूस रस्त्यात भेटलं तर आधी आपण कोण ते सांगावं, मग बाकीच्या गप्पा; शेजारून चोरपावलांनी निघून जाणं म्हणजे डोळस माणसाचा माज. हे वाक्य माझंच आहे. नव्या स्वयंसेवकांना मी ते पहिल्याच दिवशी ऐकवतो आणि ते बिचारे वहीत लिहूनही घेतात. आणि आता सकाळी पावणेअकराला, आमच्या संस्थेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर, मी स्वतः पोट आत ओढून, श्वास रोखून उभा होतो. बाईंची पांढरी काठी डावी-उजवी टकटक करत येत होती. कंबरेला आमचा पट्टा होता. डाव्या भुवईच्या वर, टाके काढले होते तिथे, कोवळी गुलाबी रेघ होती, मधोमध जराशी वाकडी. ती बघूनच माझी वाचा गेली. पण पट्ट्याला रोखलेला श्वास कळत नाही, समोर काहीतरी आहे एवढंच कळतं. चार पावलांवर बाई थांबल्या. मी हळूच एक पाऊल बाजूला सरकलो, त्यांनी मान कलती केली. “कोण आहे?” अगदी साध्या आवाजात विचारलं. मी बोललो नाही. “माफ करा हं,” असं म्हणून त्या मला वळसा घालून गेटकडे गेल्या. माझी माफी मागून गेल्या.

मी आत गेलोच नाही. उलट्या दिशेला चालत सुटलो, झेरॉक्सच्या दुकानावरून, बँकेवरून, शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. अकराची वेळ बाईंना मीच दिली होती. माझ्या टेबलाच्या खणात एक पिवळा फॉर्म होता आणि त्यावर त्यांची सही हवी होती. फॉर्मवर ‘अपघाताचे कारण’ असं लिहून तीन चौकोन छापले आहेत: वापरणाऱ्याचे दुर्लक्ष, यंत्रातील दोष, इतर. पहिल्या चौकोनात मी बारीकशी खूण करून ठेवली होती, पेन्सिलने. पेन्सिलने अशासाठी, की अजून आपण काही ठरवलेलं नाही असं स्वतःला म्हणता यावं. तीन आठवड्यांपूर्वी कामावरून परतताना काजबाई एका टेम्पोच्या उघड्या फाळक्यावर आदळल्या. टेम्पो फूटपाथकडे पाठ करून उभा होता, मागचा फाळका आडवा पाडलेला, त्याची लोखंडी कड बरोबर बाईंच्या कपाळाइतकी उंच. बाई मुळात ठेंगण्या. काठी खालून गेली, पट्टा कंबरेवर गप्प राहिला. सात टाके पडले, नाकाच्या हाडाला चीर गेली. दवाखान्यातूनच त्यांनी मला फोन केला. त्यांचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. “सर, माझंच चुकलं. मी मनात उद्याची काजं मोजत चालले होते. पट्टा बोलला असेल, माझंच लक्ष नव्हतं. तुमच्या शिकवण्याला बट्टा लावला मी.” यावर मी काय म्हणावं? मी म्हणालो, “होतं असं कधीकधी. काळजी घ्या.” फोन ठेवल्यावर मला चक्क हायसं वाटलं. माझ्या मनातली ती हलकी, सैल झालेली जागा मला अजून नेमकी आठवते, आणि आठवली की तोंड कुठे लपवू असं होतं.

त्या चौकोनात पेन्सिलीचं पेन झालं असतं तर पुढचं सगळं नियमाप्रमाणे आपोआप झालं असतं. दुर्लक्ष म्हणजे पट्टा संस्थेत परत. पट्टा परत म्हणजे बाई काम करतात त्या कोटाच्या दुकानाला आम्ही दिलेलं पत्र रद्द. बाई एकट्या सुरक्षित येऊ-जाऊ शकतात असं लिहिलेलं ते पत्र, ज्यावर माझीच सही आहे. ते रद्द झालं की दुकान त्यांना ठेवणार नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी बाईंची नजर गेली, दीड वर्ष त्या घरात बसून होत्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हाताला काज अजून येतंय. उंची कोटांना हाताने काज करणारी माणसं आता मिळत नाहीत. बोटांच्या टोकांनी कापडाची कड धरायची, टाका मोजायचा, दोरा ओढायचा. यात डोळ्यांचं काम निम्म्याहून कमी असतं, असं त्या म्हणायच्या. नावही त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी नाव विचारलं तेव्हा म्हणाल्या, “दुकानात मला सगळे काजबाई म्हणायचे. ते ऐकलं की बरं वाटतं, तुम्हीही तेच म्हणा.”

आता पट्ट्याचं सांगायला हवं. तो बनवला आमच्याकडच्या एका इंजिनिअरने. ऑफिसात सगळे त्याला पट्टेवाला म्हणतात, तो रागावत नाही, उलट पाण्याचा ग्लास आणून देतो. पट्ट्यात पुढे दोन आणि बाजूला एकेक डोळा आहे, शर्टाच्या बटणाएवढा. समोर काही आलं की त्या बाजूला कंबरेवर थरथर होते, जवळ आलं की वाढते. काठी जमिनीवरचं सांगते, पट्टा कंबर-छातीचं. राहतं ते डोक्याचं: फांद्या, उघड्या खिडक्या, जिन्याची तिरकी खालची बाजू. दृष्टी नसलेली माणसं जखमी होतात ती बहुधा तिथेच. तेवढं पट्ट्याला जमणार नाही हे पट्टेवाल्याने आधीच मान्य केलं होतं. चाचणीसाठी तळघरातल्या हॉलमध्ये आम्ही वाट मांडली, खुर्च्या, खोकी, एक अर्धं उघडं दार, आणि शेवटी कपाळाच्या उंचीवर दोरीने टांगलेली एक फळी, तिला स्पंज गुंडाळलेला. ती फळी नुसती नोंदीसाठी होती. पट्टा तिथे कमी पडतो हे कागदावर यावं म्हणून. शिकवणाऱ्याने आधी स्वतः डोळ्यांना पट्टी बांधून ही वाट तीस वेळा चालायची होती. नाहीतर उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होईल, असं मोठ्या बाई, म्हणजे आमच्या संचालक, म्हणाल्या होत्या आणि मी सगळ्यांत जोरात मान हलवली होती.

पट्टी बांधली की पहिल्यांदा काळोख येत नाही, घाम येतो. कापसाच्या घड्या पापण्यांवर दाबल्या जातात, नाकाच्या दोन्ही बाजूंना कापड खाजतं, आणि आपलं स्वतःचं डोकं आपल्याला फार मोठं, फार पुढे आलेलं वाटायला लागतं. पहिल्या दिवशी मी खुर्चीला नडगी आपटली, दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीला तीच नडगी. दाराची कड खांद्याला लागली. फळी तर प्रत्येक वेळी. स्पंजामुळे लागत नव्हतं, पण ‘धप्’ असा आवाज व्हायचा आणि पट्टेवाला बाजूने शांतपणे लिहायचा, “फळी, धडक.” तो हसत नव्हता. त्याने हसायला हवं होतं. मला तेव्हा सहा वर्षांचा अनुभव, माझ्या हाताखाली कितीतरी जण चालायला शिकले, आणि मी एका खोलीच्या टोकापर्यंत धड जाऊ शकत नव्हतो. तिसऱ्या दिवशी दुपारी, पट्टी बांधताना, मी गाठ नखभर सैल ठेवली. फसवायचं म्हणून नाही, असं तेव्हा वाटलं; कपाळ दुखत होतं म्हणून. नाकाशी एक फट राहिली. तिच्यातून फक्त जमीन दिसत होती, माझ्या बुटांची टोकं आणि पुढची दोन-तीन फरशांची रांग. तेवढं पुरे होतं. त्या चालीत माझ्या नडगीला काही लागलं नाही. मी चालत गेलो आणि शेवटी फरशीवर एक काळी आडवी सावली दिसली. दिव्याखाली टांगलेल्या फळीची. मी वाकलो. विचार करून वाकलो नाही, अंगच वाकलं. पण वाकलो आणि फळीखालून पलीकडे गेलो.

मग पट्टेवाल्याची खुर्ची मागे सरकली, तो धावत आला आणि त्याने मला मिठी मारली. त्याच्या शर्टाला सोल्डरिंगच्या धुराचा वास येत होता. “वाकलास तू,” तो म्हणाला. “तुला थरथर लागली ना? वरचं लागलं ना कंबरेला?” मी “हं” म्हणालो. एवढंच. एका श्वासात मावणारा तो ‘हं’. त्याच्या जागी ‘नाही रे, मला दिसलं’ म्हणायला फार तर दोन श्वास लागले असते. “आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, तसं झालं बघ,” तो म्हणाला. “आपण कंबरेपुरतं मागत होतो, हा तर कपाळापर्यंत देतोय.” मग त्याने पुढचे डोळे जरा वर वळवून बसवले, मी आणखी बारा वेळा चाललो आणि बाराही वेळा वाकलो. पट्टी मीच बांधत होतो. नंतर संस्थेबाहेरचे तीन जण चालले. त्यांतले दोघे फळीवर आदळले. तिसरा वाकला, का ते त्यालाच ठाऊक; दोरीची करकर ऐकून असेल. त्या दोघांच्या पुढे ‘सवय नाही’ असा शेरा पडला आणि माझ्या पुढे ‘प्रशिक्षित’. पुस्तिकेत छापून आलं: डोक्याच्या उंचीवरील अडथळ्यांचीही सूचना मिळते, मात्र सरावाची आवश्यकता आहे. ते शेवटचे शब्द माझे. दोष उद्याच्या वापरणाऱ्यावर ढकलण्याची सोय मी त्या दिवशीच करून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं नाही. की कळलं होतं?

त्या संध्याकाळी घरी मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी हातात तशीच धरून ऐकत राहिली. माझं इतकं कौतुक तिने लग्नानंतर क्वचितच केलं असेल. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिने त्याचा खेळ केला. आईची ओढणी डोळ्यांना बांधून ती खोल्या-खोल्यांतून हिंडायची आणि प्रत्येक दारात वाकायची, दार तिच्या दुप्पट उंच असलं तरी. “मी बाबा आहे,” म्हणायची. एकदा तिने जेवणाच्या टेबलाला इतका अचूक वळसा घातला की मला संशय आला. मी खाली बसून बघितलं तर ओढणीखालून तिचे डोळे लुकलुकत होते. मी रागावलो. चांगलाच. “फसवायचं नाही, खेळ असला म्हणून काय झालं,” असं म्हणून ओढणी ओढून काढली. ती रडायला लागली. “थोडंसंच दिसत होतं,” म्हणाली. बायको म्हणाली, “अहो, खेळतेय ती. इतकं काय त्यात?” मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. पुढे मुलीने तो खेळ पुन्हा खेळला नाही आणि तिला त्याचं कारण मी कधी सांगितलं नाही.

काजबाईंना शिकवायला मला साडेतीन महिने लागले, आणि त्यातला एक महिना एका हातापायी गेला. त्यांना सवय होती डावा हात कोपरात वाकवून तोंडासमोर धरायची, तळवा बाहेर. पट्टा येण्याच्या आधी मी स्वतः सगळ्यांना हेच शिकवत होतो. जुनी, खात्रीची युक्ती. पण आता पाहुणे यायचे, फोटो काढायचे, आणि पट्टा लावलेलं माणूस हात पुढे करून चाललं की पट्ट्याची किंमत काय राहिली? “हात खाली, बाई,” मी म्हणायचो. “लोक बघतात.” हे मी म्हटलं. ज्या बाईला लोक दिसत नाहीत तिला मी लोकांची भीती घातली. त्या हात खाली घ्यायच्या, दहा पावलांनी तो पुन्हा वर यायचा, जणू हाताला त्याची स्वतःची अक्कल होती. एकदा त्या म्हणाल्या, “वरचं मला काही लागत नाही हो, सर. बाजूचं लागतं, पुढचं लागतं. वरचं नाही.” मी म्हणालो, “फार बारीक असतं ते. बेंबीच्या वर, मुंगी चालल्यासारखं. लक्ष कंबरेवर ठेवा, मुंगी सापडेल.” ही मुंगी मला तिथल्या तिथे सुचली. नंतर ती मी प्रत्येकाला सांगितली. अकरा जणांना मी ती मुंगी दिली, आणि सांगता सांगता अशी वेळ आली की डोळे मिटले तर मलाही ती चालल्यासारखी वाटायची.

सव्वाअकरा वाजून गेल्यावर मी खोलीत शिरलो. काजबाई माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, काठी घडी करून मांडीवर, समोर कोणीतरी ठेवलेला चहा अर्धा संपलेला. “मीच आहे, बाई,” मी म्हणालो. “उशीर झाला.” त्या हसल्या. हसताना भुवईवरची रेघ ताणली गेली. “चालायचंच, मी आज मजेत आले. कोपऱ्यावर एक माणूस उभा होता. पट्टा थरथरला, मग बाजूला थरथरला, म्हणजे सरकला. खांब काही सरकत नाही. कोण म्हणून विचारलं तर बोलेना. घाबरला असेल बिचारा, सध्या मी जरा राक्षसीणच दिसत असेन. पण बघा ना सर, पट्टा कसा बरोबर सांगतो. म्हणून तर म्हणते, दोष माझाच.” मला बरं वाटावं म्हणून त्या हे सांगत होत्या. मी खण उघडला, कागद बाहेर काढला, उगाच दोनदा सारखा केला. तो बिचारा मीच, हे मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.

“वाचा,” त्या म्हणाल्या. मी वाचलं. तारीख, ठिकाण, जखमा. कारणाशी आलो आणि तिन्ही चौकोन वाचून दाखवले. “पहिल्यावर करा खूण. ताईलाही मी तसंच सांगितलंय.” ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, जिच्याकडे त्या राहतात. “ती म्हणते, पुरे झाली हौस, हातपाय धड आहेत तोवर घरी बस, काजं काय घरीही होतील. होतील म्हणा. पण मला दुकानाचा आवाज लागतो सर. कात्री चालते, कोणी कोणाला शिव्या घालतो, मापाची टेप भिंतीवर आपटते. घरात ताईचा टीव्ही.” त्यांनी कप चाचपला, उचलला नाही. “पण घरी बसण्याआधी एक विचारू? नुसतं शिकायचं म्हणून. तुम्ही त्या फळीखाली वाकलात ना, तेव्हा नेमकं कुठे लागलं होतं? मी तीन आठवडे पडल्या पडल्या तेच आठवून बघतेय. ताईच्या स्वयंपाकघरात झाऱ्या-पळ्यांची लोंबती रांग आहे, तिच्याखाली पट्टा लावून उभीसुद्धा राहिले. मुंगी मी खूप शोधली, सर. मला नाही सापडली.”

मी तोंड उघडलं. लाज वाटते सांगायला, पण खरं ते सांगतो: मी खोटं बोलायलाच तोंड उघडलं होतं. ‘जरा डावीकडे’ असे शब्द जिभेवर आले होते, तयार, घडी घातलेले. बाई त्यांच्या सवयीप्रमाणे कान माझ्याकडे करून, थोड्या पुढे वाकून बसल्या होत्या, आणि उजवा हात त्यांनी नकळत बेंबीच्या वर नेऊन ठेवला होता, मी सांगेन ती जागा तिथल्या तिथे धरून ठेवायची म्हणून. त्या हाताच्या तर्जनीला सुईने पडलेले घट्टे होते. तो हात माझ्याच्याने बघवेना. मी खिडकीकडे बघत म्हणालो, “मुंगी नव्हती, बाई. पट्टीखालून मला दिसत होतं. फळीची सावली जमिनीवर पडली होती, ती बघून मी वाकलो. पट्टा काहीच बोलला नव्हता. तेव्हाही नाही, नंतरही नाही.”

बाहेर कोणीतरी खुर्च्या ओढत होतं. मला वाटलं त्या रडतील, किंवा काठी माझ्या अंगावर टाकतील. दोन्हींची मी तयारी केली होती, आणि अशी तयारी करण्यातही आपलाच विचार असतो. त्यांनी हात बेंबीवरून काढला आणि साडीवर पुसला. “म्हणजे मी बरोबर सांगत होते,” त्या म्हणाल्या. “वरचं काही लागत नाही म्हणून.” “हो.” “आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.” “हो.” “तीन आठवडे मी जगाला सांगत सुटलेय की मी धांदरट आहे. ताईला, दुकानात सगळ्यांना, टाके घालणाऱ्या डॉक्टरला. त्या टेम्पोवाल्याचीसुद्धा माफी मागितली मी.” त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पिशवीतून फोन काढला, दोनदा बोट फिरवून बहिणीला लावला आणि फोन टेबलावर आमच्या मध्ये ठेवला. “ताई, सर बोलतायत. ऐक.”

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा सोपं जाईल असं वाटलं होतं. मी घसा साफ केला. चाचणी, फळी, नवीन यंत्र, दमणूक, असं करत करत फटीपर्यंत पोचलो आणि म्हणालो, “तर तेव्हा पट्टी जरा सैल झाली असावी, आणि मला थोडंसं दिसत होतं.” काजबाईंनी टेबलावर बोट टेकवलं. “झाली असावी नाही, सर. आणि थोडंसं नाही. मघाशी तुम्ही दिसत होतं म्हणालात.” माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. “पट्टी मीच सैल ठेवली,” मी म्हणालो. “मला दिसत होतं. ह्यांचा काही दोष नाही.” पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. ताईंनी विचारलं, “मग हे आधी का नाही सांगितलंत?” मी म्हणालो, “लाज वाटली.” “अस्सं,” ताई म्हणाल्या. “लाज तुम्हाला वाटली, आणि टाके हिला पडले.” त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. बहिणीला म्हणाल्या, “तू जेवायला ये. उद्याचं उद्या बोलू.” काजबाई म्हणाल्या, “उद्या मी कामावर आहे,” आणि फोन बंद केला.

मी रबर शोधत होतो, पेन्सिलीची खूण पुसायला. ते सापडेना. शेवटी मी तो चौकोन तसाच ठेवून ‘इतर’पुढे पेनने लिहायला घेतलं, मोठ्या बाईंकडे हे घेऊन जाणं आता टळत नाही असं काहीतरी पुटपुटलो आणि उठलोसुद्धा. नोकरी राहील का, पट्टेवाला काय म्हणेल, घरी कोणत्या तोंडाने सांगायचं, हे सगळं एकाच वेळी डोक्यात येऊन उभं राहिलं होतं. “कुठे चाललात?” काजबाईंनी विचारलं. “मोठ्या बाईंना सांगतो.” “त्या कुठे आहेत?” “वरच्या मजल्यावर, त्यांच्या खोलीत.” “मग त्यांना काय घाई आहे? त्या काही रस्त्यावर नाहीत. बाकीचे किती जण?” “दहा.” “त्यांचे नंबर असतील ना? बसा. मीही बसते.” त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, काठी भिंतीला लावली आणि उरलेला गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

यादीत पहिलं नाव एका म्हाताऱ्या मास्तरांचं होतं, गणित शिकवायचे, आता निवृत्त. तीन वर्षं पट्टा वापरतायत. फोन पाच वेळा वाजला आणि मी मनातल्या मनात विनवत होतो की उचलू नका. त्यांनी उचलला. “सर, तुम्ही? वा. सकाळी सकाळीच तुमची आठवण काढली होती मी.” मागे गाड्यांचा आवाज होता. कुठे आहात, मी विचारलं. “रस्त्यावर. एकटाच. मुलीकडे निघालोय, नातीला बघायला. एका हातात काठी, दुसऱ्यात फोन, काखेत तिच्यासाठी घेतलेली बाहुली. बायको म्हणत होती रिक्षा करा. मी म्हटलं, सरांनी शिकवलंय मला, रिक्षा कशाला?” त्यांना थोडी धाप लागली होती, ते बोलता बोलता चालत होते, मला त्यांच्या काठीचा टकटक आवाज ऐकू येत होता. काजबाई टेबलापलीकडून म्हणाल्या, “सांगताय ना?” मी म्हणालो, “मास्तर, थांबा. आहात तिथेच उभे राहा. पुढे एक पाऊलही टाकू नका. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.” टकटक थांबली. गाड्या त्यांच्या बाजूने जात राहिल्या. कोणीतरी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, त्यांनी त्याला ऐकवलं, “जरा थांब बाबा, आमच्या सरांचा फोन आहे.”

“थांबलो, सर,” मास्तर म्हणाले. “तुम्ही म्हणेपर्यंत हलत नाही. सांगा.”